उलट बसवलेली झडप

हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. फोनवर टाइप करायचो, पुसायचो, फोन खिशात टाकायचो. एक तर मी लिहिणारा माणूस नाही. मशिनं दुरुस्त करतो, आणि तेही कुठे शिकून नाही... उघडून, बिघडवून, परत जोडून. दुसरं म्हणजे, प्रेमाच्या गोष्टीत हिरोची एंट्री जरा बरी असावी असं मला वाटतं. तिने मला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर पालथा पडलो होतो. गाल फरशीला, आणि हात कोपरापर्यंत घाण पाण्यात.

आता लिहितोय, कारण लिहिलं नाही तर मी हे सगळं माझ्या सोयीने आठवायला लागेन. तसं व्हायला नको.

त्या कामाला खरं तर पक्कड जाणार होता. पक्कड म्हणजे माझा दोस्त आणि दुकानातला भागीदार. शाळेपासून त्याचं हेच नाव, कारण एकदा धरलेलं तो सोडत नाही. नळ, पाइप, सिंक त्याच्याकडे. मशीनच्या पोटातलं सगळं माझ्याकडे. त्या सकाळी त्याची दाढ ठणकत होती आणि तो गालाला हात लावून म्हणाला, "तू जा बाबा. डिशवॉशरमधून पाणी निघत नाहीये म्हणे. पाइप असेल तर मला फोन कर. नको, फोन पण करू नकोस, बोलवत नाही."

एका दाढेमुळे मी गेलो.

दार तिने उघडलं. एका हातात काहीतरी, केस अर्धे बांधलेले, पायात एकच चप्पल. निघायच्या घाईत होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काहीच होत नाहीये. तेच होतंय." ती आत वळली. "घूंऽऽ करतं आणि मग गप्प बसतं. पाणी तिथल्या तिथे. माझ्या भावासारखं आहे... आवाज भरपूर, काम शून्य."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीशी, एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, पंजे मोठे, नखं स्वच्छ कापलेली.

"बाबा, मिस्त्री आलेत."

"मी करतो म्हटलं होतं ना तुला."

"हो बाबा. पण आता आलेत ना ते."

"हा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा अजून पोर आहे."

मी हसलो आणि वाकून मशीनचं दार उघडलं. तळाला राखाडी पाणी साचलं होतं, वर तेलाचा तवंग. मी पिशवीतून मग काढला, तोच मागून आवाज आला, "आधी प्लग काढ!"

बरोबर होतं त्यांचं. काढणारच होतो मी, पण इतक्या जरबेने कुणी सांगितलं की आपण दोन वर्षांचे होतो. प्लग काढला. मगाने पाणी उपसलं, उरलेलं स्पंजने टिपलं, फिल्टर फिरवून बाहेर घेतला. तो साफच होता. मग पालथा पडून पंपाच्या तोंडात बोटं घातली. आत एक छोटा पंखा असतो, तो फिरला की पाणी बाहेर ढकललं जातं. बोटाला काहीतरी चिकट, मऊ लागलं.

"काय आहे?" ती दारातून. अजून गेली नव्हती.

"बरणीचं लेबल. सुटून आलं आणि पंख्याला गुंडाळलं. बरण्या लेबलासकट लावता का आत?"

"लावते."

"नका लावू."

"बरं," ती म्हणाली, आणि मग एकदम, "मगाशी मशीनचा नंबर वाचताना तुम्ही एक डोळा बंद का केला होता?"

"सवय आहे."

"सवय नाही, नंबर आहे. चष्म्याचा. माझं तेच काम आहे, चष्म्याच्या दुकानात. माझ्या हातात काय आहे सांगा."

मी फरशीवरूनच मान वर केली. दार असेल चार-पाच पावलांवर. "चमचा."

"कंगवा आहे," ती म्हणाली. आणि हसली. म्हणजे हसली असावी... खरं सांगतो, तेवढ्या अंतरावरून मला तिचा चेहरा धूसरच दिसत होता. पण आवाज हसरा होता.

ती गेली. काकांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि एकेक वस्तू मागायला लागले. हे दे बघू, ते काय आहे. मी पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी झडप काढून त्यांच्या हातात दिली. बटणाएवढी असते. घाण पाणी बाहेर जाऊ देते, गेलेलं परत आत येऊ देत नाही.

काकांनी ती बोटांत फिरवली. दाबली. उजेडात धरली. "गोदीत पंपांवर होतो मी," म्हणाले. "अशा पोत्यांनी बसवल्यात. याच्यापेक्षा मोठ्या."

त्यांचा चेहरा मला जवळून नीट दिसत होता. सकाळी खुर्चीत जे बसले होते ते हे गृहस्थ नव्हतेच जणू. मी मुद्दामच सावकाश जोडलं, त्यांना बघता यावं म्हणून.

त्या सावकाशीची पुढे काय किंमत पडेल ते तेव्हा कळलं नाही.

* * *

थोड्याच दिवसांत तिचा फोन. "परत तसंच. घूंऽऽ, आणि गप्प."

मी गेलो. या वेळी ती घरीच होती, सुट्टी होती तिची. मी उपसलं, टिपलं, फिल्टर काढला. पंख्याला काही नाही. पंपाचा पाइप मोकळा. सिंकखालचा पाइप मोकळा. मग झडप काढली आणि थांबलो.

झडप उलटी बसवली होती.

अशी आपोआप उलटत नाही ती. कुणीतरी मशीन उघडून, पंपाचं तोंड सोडवून, झडप काढून, उलट करून बसवली होती. आणि कशी बसवली होती! कडेला ग्रीसचा एकसारखा पातळ थर. खाच खाचेत. स्क्रू सगळे सारख्या दाबाने आवळलेले. मी स्वतः इतकं नीट करत नाही. चूक होती, पण चाळीस वर्षं ज्याने हेच काम केलंय अशा हातांची चूक होती.

मला लगेच उमगलं. गोदीतल्या पंपाला पाणी वर ओढायचं असतं. तिथे झडप अशी बसवतात की पाणी आत येईल आणि परत खाली उतरणार नाही. काकांनी ती तशीच बसवली होती, आयुष्यभर बसवली तशी. फक्त इथे पाणी वर चढवायचं नव्हतं, बाहेर घालवायचं होतं.

मी मान वळवली. काका खुर्चीतून माझ्याकडेच बघत होते.  त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"काय सापडलं?" ती ओट्याशी चहा ओतत होती.

"कचरा," मी म्हटलं. "बारीक कचरा अडकला होता."

"कमाल आहे! मी सगळं पुसून लावते आता."

"बारीक असतो... दिसत नाही."

"तुम्हाला तर कंगवाही दिसत नाही."

काकांनी हात सोडले.

मी ते का बोललो? एका म्हाताऱ्या कारागिराला त्याच्या मुलीसमोर उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून. एवढंच होतं त्या वेळी. पण मग तिने मला चहा दिला, आम्ही गॅलरीत उभे राहिलो, भुरभुर पाऊस होता, कठड्यावर हात ठेवला की ओला होत होता. आणि ती आपणहून बोलायला लागली.

"आई गेल्यापासून बाबा विसरतात. नावं, दिवस. दादा म्हणतो त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. त्याने एक जागा बघून ठेवलीय, तिकडे त्याच्या गावाजवळ. चांगली आहे म्हणे, बाग आहे, नर्स आहे." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मी म्हटलं, डोकं विसरतंय, हात शहाणे आहेत. मी कामावर असते तेव्हा ते खुर्चीत बसतात, रेडिओ ऐकतात, कशाला हात लावत नाहीत. दादाला मी शब्द दिलाय. ज्या दिवशी बाबा घरात काही उघडून बसतील, त्या दिवशी मी स्वतः त्याला फोन करेन आणि त्यांची बॅग भरेन."

चहा माझ्या तोंडात होता. तो गिळायला मला वेळ लागला.

"काय झालं?"

"गरम आहे."

"सांगायचं ना मग. आणि पुढच्या वेळी फरशीवरून थेट माझ्या दुकानात या. डोळे तपासते. त्या एका डोळ्यावर किती दिवस दुनिया चालवणार?"

सांगायला हवं होतं. तिथेच, त्या कठड्यापाशी. पण सांगितलं असतं तर बॅग भरली गेली असती. आणि आणखी एक होतं, तेही लिहितो. "पुढच्या वेळी" हे ती इतकं सहज म्हणाली होती, की मला पुढची वेळ हवी झाली.

निघताना, मला खाली सोडायला म्हणून ती चपला शोधत होती तेवढ्यात मी काकांपाशी वाकलो. "काका, आता उघडायचं नाही हं. उघडायचं तर मी असताना."

"हो रे," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

* * *

मी दुकानात गेलो. म्हणजे तिच्या. तिने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट ठेवली आणि काचा बदलत राहिली.

"ही बरी की ही?"

"सारखंच आहे."

"नीट बघा. अक्षरांकडे बघा, माझ्याकडे नाही."

"तुम्ही अक्षरांच्या मध्ये उभ्या आहात."

"मी बाजूला उभी आहे. केव्हाची." तिने आणखी एक काच सरकवली. "आता?"

आता... भिंतीवरची शेवटची ओळ सुरीसारखी स्वच्छ झाली. मी मान वळवली. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक जुना व्रण होता. डोळ्यांखाली झोप अपुरी झाल्याच्या रेषा. आणि ती हसत होती तेव्हा वरचा ओठ जरा जास्तच एका बाजूला जात होता. मला हे सगळं आजवर दिसलंच नव्हतं.

"काय बघताय?"

"काही नाही. काच बरी आहे ही."

 मग चौकट काढताना तिची बोटं माझ्या कानाला लागली आणि ती म्हणाली, "हळू... केस अडकलेत." अडकले नव्हते.

पक्कडने दुकानात मला चष्मा लावलेला पाहिला आणि हातातला पाइप खाली ठेवला. "डिशवॉशरमधून चष्मा निघाला?"

"गप रे."

"परवा गेलास, काल गेलास. पाइप बघू का मी येऊन?"

"पाइप नाहीये. झडप आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हसणं बंद केलं. "म्हातारा एकटा असतो दिवसभर. पाणी आहे, वीज आहे. तू तिला सांग."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यानंतरही फोन आला, मी गेलो, झडप उलटी, ग्रीसचा थर तसाच सुरेख. ती माझ्याशेजारी फरशीवर बसली होती, टॉर्च धरून. तिचा गुडघा माझ्या दंडाला टेकलेला. "काय आहे?" तिने विचारलं, आणि चष्म्यातून मला तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास अगदी स्पष्ट दिसला. काचेला एक डागही नव्हता.

"कचरा," मी म्हटलं.

"मशीनच जुनं झालंय, नाही का? काल दादाचा फोन होता, त्याला सांगितलं मी. म्हटलं, बाबा छान आहेत, कटकट फक्त मशीनची आहे. आमचा मिस्त्री आहे, तो बघतो."

आमचा मिस्त्री. किती आवडलं मला ते. आणि किती वाईट वाटलं.

* * *

मग एका दुपारी तिचा फोन, आवाज घाबरलेला. "शेजारच्या काकू सांगतायत आमच्याच घरातली लाईट गेलीय. बाबा फोन उचलत नाहीत. मी निघालेय, पण तुम्ही जवळ आहात... जाल का?"

मी जिने कसे चढलो ठाऊक नाही. दार काकांनी उघडलं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"ये, ये. फोरमन यायच्या आत बसवून टाकू."

त्यांनी मशीन कट्ट्याखालून ओढून काढलं होतं. खालची पट्टी उघडी, पंपाच्या वायरी बाहेर, फरशीभर पाणी. आणि प्लग भिंतीतच होता. बटण चालू. ज्या माणसाने मला पहिल्याच दिवशी "आधी प्लग काढ" म्हणून दटावलं होतं, त्याने प्लग काढला नव्हता. मेन स्विच आपोआप पडला म्हणून काका माझ्यासमोर उभे होते. नाहीतर...

"लाईट कुणी घालवली?" काका म्हणाले. "तू पंप धर. मी मेन वर करतो." आणि ओल्या हाताने ते बोर्डाकडे निघाले.

मी त्यांचा हात धरला. जोरात धरला असणार, कारण ते कळवळले. आणि मग अचानक म्हातारे झाले. भिंतीला टेकले. "काय झालं रे?" म्हणाले. "मी काय केलं?"

"काही नाही, काका. पाणी सांडलं थोडं."

मी प्लग काढला, त्यांना खुर्चीत बसवलं, बाह्या पुसल्या. फडकं फिरवत होतो तोच ती आली. दारातच थांबली. मशीन, वायरी, पाणी, काकांचे हात... सगळं तिने एका नजरेत पाहिलं. काच घासणाऱ्या माणसाची नजर. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर या," ती म्हणाली.

जिन्यावर उभे राहिलो. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं, तेवढा एक आवाज.

"हे आज पहिल्यांदा झालं?"

"नाही."

"म्हणजे कचरा..."

"कचरा नव्हता. पहिल्या वेळी लेबल होतं, ते खरं. नंतर प्रत्येक वेळी काकांनीच झडप काढून उलट बसवली होती."

ती कठडा धरून उभी राहिली.  "आणि मी दादाला सांगत होते, बाबा छान आहेत. तुमच्या भरवशावर."

"हो."

"का?"

"एक कारण काकांचं. तुम्ही बॅग भराल म्हणून."

"आणि दुसरं?"

मी चष्मा काढला. तिचा चेहरा धूसर झाला, तेवढं बरं वाटलं. "मला परत यायचं होतं."



"मग फोन करायचा होतात," ती म्हणाली. "मशीनला मध्ये कशाला घातलंत? माझ्या बाबांना मध्ये कशाला घातलंत?"

 ती आत गेली. दार आपटलं नाही तिने. हळूच लावलं, बाबा दचकू नयेत म्हणून. ते जास्त लागलं.

* * *

पक्कडनेच कुणाकडून तरी ऐकून सांगितलं... तिने रजा घेतलीय, भावाला फोन केलाय. दिलेला शब्द पाळला तिने. त्या जागेत खोली रिकामी व्हायला वेळ होता, तोवर ती घरी बसणार होती. पण रजा संपत आली होती.

मी कामं करत होतो. एकाच्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये दरवाजाचं रबर उलटं लावून आलो, परत जावं लागलं. पक्कड एक शब्द बोलला नाही, फक्त चहा आणून ठेवला. तो बोलत नाही तेव्हा समजावं, प्रकरण गंभीर आहे.

शेवटी मी फोन केला.

"बोला," ती म्हणाली. "काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग?"

"तुम्ही म्हणालात ना, फोन करायचा होता. म्हणून केला."

 तिने फोन ठेवला नाही. मागे रेडिओ ऐकू येत होता.

"काका कसे आहेत?"

"जेवत नाहीत नीट. सारखं म्हणतात, त्या पोराला बोलवा, पंप अर्धवट राहिलाय." तिने रेडिओ बारीक केला. "मी मशीन काढून टाकलं घरातून. हाताने घासते भांडी. तर ते त्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची घेऊन बसतात."

मी भिंतीवरच्या रॅककडे बघत होतो. आमच्या दुकानात मेलेले पंप पडलेले असतात, ढीगभर. ना वायर, ना वीज, नुसतं प्लास्टिक, रबर आणि स्क्रू. "इथे बसले तर?" मी म्हटलं. "दिवसभर. माझ्या बाकावर. भंगारातले पंप आहेत. उघडू देत, जोडू देत. प्लग लागेल असं काही त्यांच्या हाताशी ठेवणार नाही. मी कायम समोर असेन."

"तुमच्या मित्राला विचारलंत?"

"अं..."

"मला आत्ता कळतंय," मागून पक्कड म्हणाला. मग त्याने हात पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाला, "ताई, घेऊन या. खुर्ची आहे एक चांगली. पण हा जर कधी 'कचरा' म्हणाला, तर थेट मला विचारायचं."

ती हसली. फोनमधून मला ऐकू आलं.

दादाने "बघू" म्हटलं. त्याच्याही मनावर ओझं होतंच की. आणि काका यायला लागले. सकाळी ती सोडून जायची, संध्याकाळी न्यायला यायची. काका बाकावर बसले की बाह्या दुमडायचे, पंप पुढे ओढायचे, आणि दुकानात एक वेगळीच शिस्त यायची. पक्कड तर त्यांच्यासमोर शिव्या द्यायचा बंद झाला.

एका संध्याकाळी काका आत हात धूत होते. बाहेर रस्ता ओला, दिवे नुकतेच लागलेले. ती शटरखाली उभी होती, छत्री मिटून, पावलांशी पाण्याचं छोटं तळं.

"तू माझ्याशी खोटं बोललास ते अजून बोचतं," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'.

"माहीत आहे."

"माहीत असून उपयोग नाही. मला सांगणारं माणूस पाहिजे. आई गेली तेव्हा सगळे मला सांगत होते, सुधारतेय, सुधारतेय. शेवटच्या दिवसापर्यंत. मला कुणी खरं सांगितलं असतं तर मी रात्रभर तिच्याजवळ बसले असते." ती छत्रीच्या टोकाने पाणी ढवळत होती. "आवडतोस तू मला. त्या पहिल्या दिवसापासून, कंगव्याला चमचा म्हणालास तेव्हापासून. पण मला हे दोन्ही पाहिजे. आवडणारा आणि सांगणारा. एकच माणूस."

"मी..." मला नीट बोलता आलं नाही. "मीही... म्हणजे... खूप."

"खूप काय?"

"सगळं."

"वाक्य पूर्ण कर रे, मिस्त्री."

मी पूर्ण केलं. काय म्हटलं ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. तिने माझा हात हातात घेतला, ग्रीस लागलेला, आणि सोडला नाही. काका आतून आले, आमच्याकडे पाहिलं, म्हणाले, "चला, भोंगा झाला." आणि दोघं निघाले. ती कोपऱ्यावर वळून पाहते का, हे मी चष्मा पुसून पाहिलं. वळली.

* * *

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.

काल संध्याकाळी ती काकांना घेऊन गेल्यावर पक्कडने शटर अर्धं ओढलं आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला.

"आज दुपारी तू बाहेर गेला होतास तेव्हा मी होतो त्यांच्याजवळ," तो म्हणाला. "त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. बराच वेळ तसाच धरला. मग मला विचारलं, हे कशासाठी असतं."

मी बाकावरचे स्क्रू डबीत भरायला लागलो.

"तुला आल्यावर सांगितलं मी. ती न्यायला आली. तिने विचारलं, बाबा कसे होते आज? तू काय म्हणालास?"

"मस्त."

"मस्त," तो म्हणाला.

बाहेर एक गाडी गेली, शटर थरथरलं.

"सांगितलं तर तिचा दादा येईल," मी म्हटलं. "ती खोली रिकामी झालीय. गेल्या आठवड्यात कळवलंय त्यांनी. ती अडून बसलीय, ती फक्त आपण इथे सांभाळतोय म्हणून. मी सांगितलं की काका जातील, पक्या. इतकं जोडून आणलेलं..."

"जातील. कदाचित." त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचा हात जड आहे, कायम होता. "पण जायच्या आधी तिला त्यांच्याजवळ बसायला वेळ मिळेल. तू मस्त मस्त करत राहिलास, तर तोही मिळणार नाही. मग ती तुझ्याकडे कशी बघेल, सांग."

मला रडू आलं. तो तसाच बसून राहिला, हात न काढता. घाई केली नाही.

"मला शब्द दे," तो म्हणाला. "तिला नको देऊस, तिला तू काहीही देशील, प्रेमात आहेस. मला दे."

मी चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "ती दारात आली की, काका आत यायच्या आधी. स्क्रूड्रायव्हरचं सांगेन. आणि यापुढे जे दिसेल ते, ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी. मला कितीही नको असलं तरी. शब्द."